वरच्या आळीचा चौक

माझा ओटा मीच फोडला. पहार घेतली आणि पहिला घाव मी स्वतः घातला, तोही भर दुपारी, सगळ्या आळीच्या डोळ्यांदेखत. उगाच नंतर कुणी म्हणायला नको, शालूचं काय जातंय बोलायला!

कळव्याच्या डोंगरावर आमची करवंदवाडी. तिच्या अगदी माथ्यावर आमची वरची आळी. इथे अंगण नाही, गॅलरी नाही, जे काय आहे ते दारापुढचा हातभर ओटा. भांडी ओट्यावर, पापड ओट्यावर, शिलाईचं मशीन ओट्यावर आणि भांडणंही ओट्यावरूनच. तो सोडा म्हणून मी दारोदार फिरले, शिव्या खाल्ल्या, चहाही प्यायले. कारण सगळ्यांचे ओटे गेले की मध्ये चौक निघणार होता, आणि चौकात पाण्याची टाकी बसणार होती.

टाकी कशाला, हे आमच्या गुडघ्यांना विचारा. नळ खालच्या दोन आळ्यांना होते, आम्हाला नव्हते. खालून हाक यायची, "आलं गं पाणी!" ती कानावर पडली की असेल ते टाकून, हंडे उचलून उतार धरायचा. परत येताना तोच चढ, भरल्या हंड्याने. माझ्या सासूबाईंचं, हौसाबाईंचं, सगळं आयुष्य त्या हाकेमागे धावण्यात गेलं आणि आता गुडघा दुमडत नाही. मी त्यांना आत्या म्हणते. ओटा फोडताना आत्या एवढंच बोलल्या, "फोड. पण पाणी नाही चढलं ना, तर बसायचं कुठं ते तूच सांग."

चौकाचं सगळं समीक्षाने जुळवून आणलं होतं. डोंबिवलीची मुलगी, आर्किटेक्ट, बोलायला गोड आणि चढ चढताना निम्म्यात धापा टाकणारी. पहिल्यांदा ती छापील नकाशा घेऊन आली. आम्ही तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत तिच्या हातात ठेवला. तेव्हा तिने विटेचा तुकडा उचलला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच काढा."

झालं! बायकांच्या हातात वीट आल्यावर कुणाच्या बापाला थांबवता येतं? नळाचा कट्टा कमरेएवढा उंच हवा, म्हणजे भरला हंडा वाकून उचलायला नको, हे आत्यांचं. धुण्याचा दगड उताराच्या अंगाला, हे माझं. टाकीभोवती बसायला रुंद पायऱ्या, आणि हळदीचा मांडव मावेल एवढी मोकळी जागा, हे सगळ्यांचं. जमिनीवर रेघा मारता मारता आम्ही असं भांडलो की समीक्षा खूश झाली. तसाच चौक झाला, रेघेला रेघ. राहिली होती फक्त टाकी.

टाकीआधी चाचणी होती. डोंगराच्या पायथ्याशी नवी मोटर, तिथून नवी लाइन तिन्ही आळ्यांतून वर, आणि घरोघरचे जुने-नवे नळ तिलाच जोडलेले. मोटरच्या कामावर आलेले इंजिनिअर ऋतुराज साहेब सरळ माणूस. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "आज पाणी वर पोचलं तर टाकी इथे. नाही पोचलं तर मधल्या आळीत बसवू, तुम्ही तिथून भरा." म्हणजे पुन्हा हंडा, पुन्हा चढ, आणि वरून ओटाही गेलेला. लोकांनी मला फाडून खाल्लं असतं, आणि त्यांचं काही चुकलं नसतं.

चाचणीला अख्खी करवंदवाडी वर लोटली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, घरांना कुलपं लावून आल्या. अगदी खालच्या घरातली क्लारा आन्टी तळलेल्या गोल पावांचा, फुगियांचा डबा घेऊन धापा टाकत आली. आत्या तेवढ्या घरात, आमच्या कोऱ्या नळाखाली कोरा ड्रम लावून बसल्या. "मी नळ सोडून येत न्हाई," म्हणाल्या.

साहेबांनी फोनवरून खाली सांगितलं, "सोडा." मोटर घुमली. कुणीतरी शिट्टी मारली. पाइप थरथरला. कट्ट्यावरचा नळ एकदा खाकरला, थोडी हवा सोडली आणि गप्प झाला.

आम्ही बघत राहिलो. नळ ढिम्म.

"प्रेशरच येत नाहीये," साहेब म्हणाले. "मोटर तापायच्या आत बंद करावी लागेल. सॉरी ताई, हाइट जास्त पडतेय."

"अशी कशी जास्त पडते?" मी आवाज चढवला. "डोंगर काय रात्रीत वाढला काय?"

समीक्षाचा चेहरा उतरला होता. "हिशोब दोनदा केलाय, ताई. पोचायलाच हवं होतं." मग ती एकदम गर्दीकडे वळली. "खाली कुणाच्या घरात नळ चालू आहे का?"

"चालू म्हणजे?" क्लारा आन्टी म्हणाली. "उघडा ठेवलाय, खाली ड्रम लावलाय. नळ बंद कोण ठेवतं, बाय? बंद ठेवला तर पाणी आलेलं कळणार कसं?"

खालच्या दोन्ही आळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच आहे! पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून नळ कायम सोडलेला. ड्रमात धार वाजली की कळतं. आमच्या आत्याही आत तेच करून बसल्या होत्या. समीक्षाला आम्ही हंड्याची उंची सांगितली, हळदीचा मांडव सांगितला, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आपण श्वास घेतो, हे कुणी कुणाला सांगतं का?

समीक्षाने कपाळाला हात लावला. "अहो, सगळं पाणी तुमच्या ड्रमांतच चाललंय!"

"साहेब, मोटर बंद करू नका!" मी ओरडले. "जरा दम धरा! ए, पळा गं! नळ बंद करा!"

आणि काय सांगू, काय ती धावपळ! जरीच्या साड्या खोचल्या, चपला हातात घेतल्या, कमरेच्या किल्ल्या खुळखुळल्या, आणि सगळी वाडी उतारावरून सुटली. कुणी कुलपाशी झटतंय, कुणी खिडकीतून हात घालतंय. क्लारा आन्टीने माझ्या हातात किल्ली कोंबली. "शालू, माझ्याच्यानं नाय पळवणार, तू जा!"

मी गेले. मधली आळी गेली, खालची गेली. मला आनंद झालाय की भीती वाटतेय तेच कळत नव्हतं. आन्टीच्या घराचं कुलूप दोनदा हातातून निसटलं. आत ड्रम भरून वाहत होता, मोरीत पाणीच पाणी. मी नळ आवळला, आणखी आवळला.

आळीत एकदम शांत झालं. नळ सुटलेले असताना पाण्याचा एवढा आवाज असतो, हे तो थांबल्यावर कळलं. दूरवर मोटर तेवढी घुमत होती. मी नळावरचा हात काढला नाही. चढ बाबा, म्हटलं. चढ. माझा ओटा गेलाय.

आणि हाक आली. आत्यांचा आवाज, फाटलेला, डोंगरभर घुमणारा.

"आलं गं पाणी!"

माझे हात आपोआप हलले. क्लारा आन्टीच्या मोरीतला हंडा उचलला, कमरेवर घेतला आणि धावत सुटले. मधल्या आळीत आले तेव्हा भान आलं. हंडा रिकामा होता, आणि मी वर चालले होते.

तिथेच उभी राहून मी हसले, रडले, काय केलं कोण जाणे. पण हंडा काही ठेवला नाही. तसाच घेऊन चौकात आले. गर्दीने वाट दिली. आत्या भिंतीला धरून दारात उभ्या होत्या. मी हंडा कमरेएवढ्या कट्ट्यावर ठेवला आणि कुणीतरी आवळून ठेवलेला नळ सोडला.

भरल्यावर बंदही केला.