राईएवढ्या बाहुल्या

धामणगाव बढ्याच्या बाजाराला निघालेल्या बैलगाड्या त्या उन्हाळ्यात वाटेतच हिंमतरावांच्या मळ्याकडे वळू लागल्या. मळ्यातल्या झऱ्याकाठी एक महाराज येऊन बसले होते. दमेकरी, क्षयी, जुलाबाने खंगलेले, गुडघे धरलेले, सगळ्यांना एकाच घागरीतला एकच घोट. "रोग विचारून देतो तो वैद्य, न विचारता देतो तो देव," असे महाराज डोळे मिटून सांगत. रोगाची चौकशीच नको, ही सोय कोणाही आळशी वैद्याला हेवा वाटावा अशी होती.

पण घोट घेतला की खोकला थांबे, जुलाब बंद होत, कण्हत आलेली म्हातारी हसत घरी जाई. हे खोटे नव्हते, आणि सरकारी दवाखान्याचे डॉक्टर भगवंतराव यांना तेच छळत होते. नागपूरला शिकून आलेल्या या माणसाने महाराजांना शिव्या दिल्या नाहीत. दवाखाना ओस पडला होताच. त्यांनी एक वही घेतली आणि ते घोट घेतलेल्या चाळीस जणांच्या घरी जाऊ लागले. कोणाला कोणता रोग, आठव्या दिवशी कसा आहे, महिन्याने कसा आहे, एवढेच लिहीत.

आठव्या दिवशी जवळजवळ सगळे सुखी होते. महिन्याने सर्दी-पडशाचे बरे झाले होते, ते एरवीही झालेच असते. क्षयाचे आणखी खचले होते. हगवणीची दोन लेकरे गेली होती. आणखी एक गोष्ट वहीत पानोपानी येत होती. रोग निरनिराळे, पण रोज घोट घेणाऱ्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या सारख्याच, सावलीतही राईएवढ्या बारीक.

अशातच ते कडूबाच्या घरी पोचले. त्याची बायको मनकर्णाबाई बाजेवर शांत पडली होती. दोन दिवसांपूर्वी तिच्या पोटात उजवीकडे कळा उठल्या होत्या. बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडीही जुंपली होती; पण घोट घेताच कळा थांबल्या आणि कडूबाने बैल सोडले. भगवंतरावांनी पोटाला हात लावला. ते फळीसारखे ताठ होते; आत आतडे फुटले होते. डोळ्यांत पाहिले. पुन्हा त्याच बाहुल्या. आता गाडी जुंपून उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरावा झाल्यावर भगवंतराव कडूबाला घेऊन मळ्यात गेले. झऱ्यामागच्या झोपडीत चुलीवर हंडा शिजत होता. त्यांनी भरल्या गर्दीसमोर तो बाहेर आणला आणि कडूबाला चाखायला लावले.

"हे तं अफूचे बोंडं हायेत," कडूबा हळूच म्हणाला. "वावरात जाताना मनकर्णा पोरायले चाटवे, ते हेच."

महाराज जराही गडबडले नाहीत. बोंडात गुण देवानेच घातला, आपण तो फक्त घागरीत उतरवला, असे म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

भगवंतरावांनी वही वाचून दाखवली, बाहुल्या अशा बारीक अफूनेच होतात हे सांगितले, मेलेल्यांची नावे घेतली. लोकांनी ऐकून घेतले. मग झुंबरबाई पुढे झाली. तिचा लेक क्षयाने अंथरुणाला खिळला होता.

"डॉक्टरसायेब, क्षयावर तुमच्यापाशी दवा हाय काय?"

"नाही," भगवंतराव म्हणाले. खोटे बोलणे त्यांना जमले नाही.

"मंग दुखनं थांबते, तेवढं तं राहू द्या."

तिने लोटा पुढे केला. मागची रांग सरकली.

परतताना कडूबा वाटेतच थांबला. "तुमचं खरं हाय," तो म्हणाला, "पन ती हासत गेली. माह्याजवळ तेवढंच हाय."

"कळा राहू दिल्या असत्या, तर तू गाडी सोडली नसतीस," हे शब्द भगवंतरावांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर त्यांनी कागद लावला. वाचता येणारे गावात सात-आठच होते, आणि ते त्या वाटेने फारसे येत नसत. तरी त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले: "दुखणे थांबले म्हणजे रोग गेला असे नव्हे. दुखणे ही शरीराने मारलेली हाक आहे, तिचे तोंड दाबू नका. घोट घेतल्यावर कसे वाटले, हे विचारू नका. महिन्याने माणूस कुठे आहे, ते विचारा."