सोनेरी टोपणाच्या बाटल्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे. तपकिरी, रुंद दातांचा आणि तीन दात पडलेला. दातांचे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांची नजर पहिली तिथेच जाते आणि मग ते 'अरेरे' म्हणतात. कृपा करून अरेरे म्हणू नका. मी दया मागायला आलेलो नाही. मी भांडायला आलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेजारच्या साच्यातून बारीक दातांचे कंगवे निघत. त्यांना चकचकीत डब्या मिळत, आणि आम्हा रुंद दातवाल्यांना बारा-बारा करून दोऱ्याने बांधत. डब्यांतले शहाणे आमच्याकडे पाहून म्हणत, "एवढ्या फटी ठेवून हे विंचरणार काय, कप्पाळ?" वेळ आली की दाखवू, एवढेच मी मनाशी म्हटले. आमचा गठ्ठा घाऊक दुकानात गेला, आणि तिथून मला मावशींनी उचलले.

मावशी म्हणजे केस कापायच्या एका दुकानात केस धुणाऱ्या बाई. नात्याने त्या तिथे कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण सगळे त्यांना मावशीच म्हणत. दुकानात तीन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि मागच्या अंगाला मान टेकवायची खाच असलेली दोन बेसिने होती. पुढच्या खुर्च्यांवर मालकीणबाईंची कात्री चालायची. बेसिनापाशी मात्र मावशींचा शब्द चाले.

त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक बसले की त्या लगेच पाणी सोडत नसत. आधी कोरड्या केसांतून मला हळूच फिरवत, टोकांपासून सुरुवात करून वर वर जात. मी कुठे अडतो, कुठे सटकतो, मुळाशी मला तेलकटपणा लागतो का, टोकांशी मी खरखरतो का, हे त्यांच्या बोटांना बरोबर कळे. मग त्या एकच प्रश्न विचारत. "धुतल्यावर दुसऱ्या दिवशी कसे असतात केस?" तेवढ्यावर त्यांचे निदान होई. ते चुकलेले मी पाहिले नाही, आणि मी नेमका त्यांच्या हातातच असे.

बेसिनाखाली मावशींच्या चार साध्या बाटल्या होत्या. घाऊक दुकानातल्या मोठ्या कॅनमधून त्या भरल्या जात. त्यांना नाव नाही, चित्र नाही. ओळखायला गळ्यात फक्त रबरबँड. पिवळा रबरबँड म्हणजे तेलकट मुळांच्या, पातळ केसांचा हलका शाम्पू. निळा म्हणजे कोरड्या आणि कुरळ्या केसांचा. लाल म्हणजे रंग लावलेल्या केसांसाठी, अगदी सौम्य. आणि हिरव्या रबरबँडच्या बाटलीत कंडिशनर असे. गिऱ्हाईक विचारायचे, "मावशी, घरी कुठला महागातला घेऊ?" मावशी म्हणायच्या, "महागातला कशाला? कोपऱ्यावरच्या दुकानात जा. बाटलीचं तोंड बघू नका, पाठ वाचा. कुठल्या केसांसाठी आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि आधी नुसती पुडी घ्या. चार वेळा धुऊन मानवली तर मग बाटली. शाम्पू डोक्याच्या त्वचेला, कंडिशनर कानाखालच्या केसांना. उलटं केलंत तर दोघंही रुसतात."

मालकीणबाई स्वतः दर शनिवारी दुकान उघडण्याआधी मावशींपुढे मान टेकवून बसत. त्यांचे केस पातळ आणि मुळाशी तेलकट, म्हणून पिवळी बाटली ठरलेली. केस वाळले की त्या आरशात बघून म्हणत, "मावशी, तुमच्या हाताला जादू आहे." मावशी म्हणत, "जादू कसली, पिवळा रबरबँड आहे." ती माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षे होती. त्याच वर्षांत माझे तीन दात गेले. मावशी रजेवर असताना कुणीतरी मला गुंत्यात वरून घातले आणि खसकन खाली ओढले. दात माझे गेले, पण गिऱ्हाइकाचे केस मी तुटू दिले नाहीत. आता सांगा, यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

मग एके दिवशी एक शिवणकाम करणारी बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे केस दाट आणि कुरळे होते, पण असे रखरखीत की हात लावला तर कुरकुर ऐकू यावी. मुलीने दोन्ही हातांनी डोके धरून ठेवले होते.

"कापून टाका," आई म्हणाली. "पार कानाच्या वर. रोज सकाळी रडारड. मला कामं आहेत आणि हिला शाळा."

"धुता कधी?" मावशींनी विचारले.

"रोज. स्वच्छतेत मी कसूर करत नाही."

"आणि कशाने?"

"माझ्याच शाम्पूने. घरात एकच बाटली असते. सगळ्यांच्या घरात तसंच असतं."

मावशींनी मला आधी त्या आईच्याच केसांतून फिरवले. सरळ, तेलकट केस. मी सरसर घसरलो. मग मुलीच्या केसांच्या टोकांना लावले. मी दोन बोटेही पुढे सरकलो नाही.

"तुमचा शाम्पू तेल ओढून काढणारा आहे," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला तो बरोबर आहे. पण कुरळ्या केसांच्या टोकापर्यंत तेल मुळातच पोचत नाही, आणि जे थोडं असतं ते तुम्ही रोज धुऊन टाकता. तुम्ही शिवणाऱ्या ना? तुमच्या मापाचा अंगरखा हिला घालाल का?"

"अहो, कपड्याला माप असतं."

"केसांनाही असतं. तीन आठवडे द्या मला. घरी आठवड्यातून दोनदाच धुवायचं, कोरड्या केसांच्या शाम्पूने. मग सढळ हाताने कंडिशनर लावायचा आणि तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवायचं. कोरडे केस विंचरायचेच नाहीत."

आईने घड्याळाकडे पाहिले. "तिसऱ्या शनिवारी येते. गुंता दिसला तर तिथंच कात्री."

"आणि नसला तर?" मुलीने पहिल्यांदा तोंड उघडले.

"नसला तर बघू."

"बघू नको. नाही कापणार म्हण."

"बघू म्हटलं ना," आई म्हणाली, आणि दोघी गेल्या. मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जीव त्या मुलीच्या केसांत अडकला.

तिसऱ्या शनिवारच्या चारच दिवस आधी दुकानात खोकी येऊन पडली. एका कंपनीचा माणूस गोड बोलून मालकीणबाईंना शाम्पू आणि कंडिशनरच्या जोड्या देऊन गेला. सोनेरी टोपणे, जाड काच, आणि समोर ठसठशीत अक्षरांत 'सर्व प्रकारच्या केसांसाठी'. जोडीला फुकट कंगवे होते. बारीक दातांचे, सोनेरी. मी त्यांना ओळखले. माझ्या शेजारच्या साच्यातली जात ती. मालकीणबाईंनी भिंतीवर पाटी लावली: 'यापुढे या दुकानात प्रत्येक डोके याच शाम्पूने धुतले जाईल. अपवाद नाही.' आणि मला दोन बोटांत धरून म्हणाल्या, "हा बोळका कंगवा गिऱ्हाइकांना दिसता कामा नये." असे म्हणून त्यांनी मला कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"बाई, सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठीच नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुमचं काम धुवायचं. निवडायचं काम कंपनीने केलंय. पटत नसेल तर दार उघडं आहे."

मावशींनी मान खाली घालून नळ सोडला. मी कापलेल्या केसांत तोंड खुपसून पडलो होतो आणि मला त्यांचा भयंकर राग आला. इतकी वर्षे डोकी ओळखलीत ती अशी मुकाट्याने मान खाली घालायला? पण दुकान रिकामे झाल्यावर त्यांनी मला डब्यातून काढले, साबणाने स्वच्छ धुतले आणि एप्रनच्या खिशात ठेवले. रबरबँडच्या बाटल्या त्यांनी आपल्या पिशवीत भरल्या. पुढचे दिवस मी खिशातूनच ऐकत होतो. एकीचे केस चिकट झाले, दुसरीचे राठ झाले. मावशी पाटीकडे बोट दाखवत आणि पुढचे डोके धुवायला घेत.

तिसरा शनिवार उजाडला. त्या दिवशी कंपनीचा माणूस फोटो काढायला येणार होता, आणि फोटो मालकीणबाईंचाच. त्या भल्या सकाळी नवा झगा घालून आल्या आणि डोळे मिटून बेसिनावर मान टेकवली. मावशींनी सोनेरी टोपण उघडले. बाटलीवर 'भरपूर लावा' लिहिले होते, म्हणून भरपूर लावले. कंडिशनर 'मुळांपासून टोकांपर्यंत' लिहिले होते, म्हणून मुळांपासून टोकांपर्यंत चोपडला. मावशींनी सूचना अक्षरशः पाळल्या. केस वाळले तेव्हा मालकीणबाईंच्या डोक्यावर जणू कुणी भिजलेले फडके पसरून ठेवले होते.

"हे काय?" त्या आरशात पाहत म्हणाल्या. "पिवळी बाटली नाही वापरली?"

"पाटीवर अपवाद नाही म्हणून लिहिलंय," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय."

"अहो, मी मालकीण आहे."

"केसांना कुठं माहीत आहे ते?"

खिशात मी हसलो, हे लपवत नाही. मालकीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी पुन्हा आरशात पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ती जुनी बाटली आहे का कुठे? लवकर धुऊन द्या पुन्हा."

"देते. पण आता या मुलीची वेळ आहे."

दारात ती शिवणकाम करणारी बाई आणि मुलगी उभ्या होत्या. मावशींनी मुलीला बेसिनाशी घेतले. दुकानाची मालकीण टॉवेल डोक्याला गुंडाळून शेजारच्या बेसिनाशी आपला नंबर येण्याची वाट पाहत बसली. मावशींनी पिशवीतून निळी बाटली काढली, मग हिरवी. आणि मग सगळ्यांच्या देखत खिशातून मला काढले. मालकीणबाईंनी मला पाहिले. टॉवेल जरा पुढे ओढून घेतला.

खरे सांगतो, मी घाबरलो होतो. आई हात बांधून डोक्याशीच उभी होती आणि कात्री तिच्या हाताच्या अंतरावर. मावशींनी मला टोकांशी लावले. मी सरकलो. थोडे वर, पुन्हा सरकलो. डाव्या कानामागे मात्र अडलो. मुलीचे दोन्ही हात पुन्हा डोक्याकडे गेले. मावशींनी गाठीच्या वर केस मुठीत धरले, बोटभर कंडिशनर आणखी लावला आणि मला खालच्या कडेने टेकवले. मी ओढाताण केली नाही. एकेक केस वेगळा करत गेलो, आणि गाठ सुटली. मग मुळांपासून टोकांपर्यंत मी एका दमात खाली आलो.

आईने पुढे होऊन स्वतःची बोटे लेकीच्या केसांत घातली. कापडाचा पोत ओळखणारी बोटे ती. ती एकेक बट चाचपत गेली.

"तू बघू म्हणाली होतीस," मुलगी म्हणाली. "बघ ना मग."

"बघितलं," आई म्हणाली. "नाही कापायचे. माझंच चुकत होतं."

मुलगी खुर्चीवरून उतरली तेव्हा फरशीवर झाडण्यासारखे काहीच पडले नव्हते.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते की मला जपा, मला फेकू नका. मी तसे म्हणणार नाही. माझे व्हायचे ते होईल. पण तुमच्या केसांना आधी हात लावून बघा, ते काय मागतात ते कळू द्या, आणि मगच दुकानाची पायरी चढा. साधी पुडी पुरत असेल तर साधी पुडी घ्या आणि ती घेताना मान ताठ ठेवा. घरात चार डोकी असतील तर एकाच बाटलीचा हट्ट धरू नका. आणि निगा कशी राखायची हे मोठ्यांना कळले नाही, एवढ्यासाठी कुणी एखाद्या मुलीच्या केसांना कात्री लावू लागले, तर लक्षात ठेवा, मी आडवा येईन.