कॅमेऱ्यापुरती कॉफी

बैरूतमध्ये सरकारी वीज कधीतरी पाहुणीसारखी येते. एरवी आमचं घर गल्लीतल्या जनरेटरवर चालतं आणि थोडा जरी जास्त भार पडला की खटका पडून वीज जाते. घरून काम म्हणजे हा ताप माझ्याच डोक्याला. कंपनीने जादा विजेचा खर्च द्यावा म्हणून मी तोंड वेंगाडलं, तर दुबईतले फिराससाहेब नुसतं "बघू, जुमाना" म्हणाले.

परवा कंपनीकडून एक खोकं आलं. आत विजेवरचं कॉफीचं यंत्र आणि चिठ्ठी : 'तुम्ही आमचं कुटुंब आहात.'

व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांना आपापल्या नव्या यंत्रावर एकदमच कॉफी करायला लावली.

"सर, माझी वीज जाईल."

"अगं, एका कपाने? तुझं रडगाणं संपतच नाही!"

आईने धावत जाऊन फ्रीज बंद केला. मी बटण दाबलं. खटका पडला, मीटिंगही गेली.

"जळलं मेलं ते कुटुंब!" आई म्हणाली.

थोड्या वेळाने साहेबांचा निरोप आला : 'कंपनीबद्दल तुला आस्थाच दिसत नाही.'

आता ते यंत्र माझ्या पाठीमागे, कॅमेऱ्यात दिसेल असं मांडलंय. आई गॅसवर कॉफी उकळून देते, मी हसून घोट घेते आणि साहेब सगळ्यांना सांगतात, "बघा, जुमाना आता किती खूश आहे!"