पितळ काय सांगतं

धक्क्यावर इतकी गर्दी मी बोटी परततानासुद्धा पाहिली नव्हती. माणसं मासळीच्या रिकाम्या खोक्यांवर चढून उभी होती आणि मधोमध पांढऱ्या चादरीवर तेजबाबा बसले होते. समोरच्या बाईने आपल्या बोटीची पितळी कडी पुढे केली. कडी काळी ठिक्कर पडली होती. बाबांनी तिच्यावर चिमूटभर राखाडी पूड टाकली, ओंजळभर समुद्राचं पाणी शिंपडलं आणि अंगठ्याने घासलं. बघता बघता कडी लखलखली.

"धातूला आठवण असते, माई!" बाबा गरजले. "ज्याचा हात यावरून फिरला, त्याचा श्वास यात उतरलाय. श्वास चालू, तर पितळ उजळणारच! तुमचा माणूस जिवंत आहे. व्हायब्रेशन येतंय मला!"

गर्दीने हात जोडले. बाई हमसून हमसून रडायला लागली. व्हायब्रेशन मलाही येत होतं, पण माझ्या कपाळाच्या शिरेत.

त्या वादळात आमच्या बंदरातल्या काही बोटी परतल्या नाहीत. काही परतल्या त्या रिकाम्या. माझ्या दादाची बोट वाहत वाहत खाडीच्या तोंडाशी आली, पण तिच्यावर दादा नव्हता. शोध थांबवल्याचं सांगायला माणसं घरी आली तेव्हा वहिनीने त्यांना चहा केला, कप विसळले आणि ती बोटीवर निघून गेली. ती रडली नाही. आणि मग हा बाबा उगवला.

माझं बोटींच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "एक पॉलिश द्या." मी विचारते, "कशासाठी?" पितळाला मऊ मलम लागतं, स्टीलला वेगळं. क्रोमचा मुलामा खरखरीत पुडीने घासला तर मुलामाच निघून जातो. आणि काहीही लावा, शेवटी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून मेणाचा पातळ हात द्यायचा. हे सगळं ऐकताना गिऱ्हाईक जांभया देतं. बाबाच्या पुड्यांना मात्र रांग लागत होती, कारण त्यांच्याबरोबर नवरा जिवंत मिळत होता.

बाबाची अट एकच होती. घासलेलं पितळ गोड्या पाण्याने धुवायचं नाही. "धुतलंत तर त्याचा माग पुसला जाईल," असं तो बायकांना बजावायचा. मग चार-आठ दिवसांत पितळावर हिरवट बुरा चढायचा. बायका धावत यायच्या. बाबा डोळे मिटून सांगायचा, "त्रासात आहे तो. हाक मारतोय. पुन्हा उजळा." की पुन्हा पुडी.

वहिनी तर दादाच्या बोटीची घंटा रोज घासायची. घंटेपासून सुरुवात झाली आणि ते बिजागऱ्या, कड्या, दिव्याच्या बैठकीपर्यंत गेलं. बंद केबिनमध्ये पुडीच्या धुरळ्यात बसून ती खोकत राहायची. तिच्या बोटांची सालं निघाली. एका सकाळी माझी भाची विस्कटलेल्या केसांनीच शाळेला निघाली. मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, आईला कंगवा धरवत नाही."

मी तडक बोटीवर गेले. "वहिनी, पुरे कर हे."

"काल घंटा काळवंडली होती," ती मान वर न करता म्हणाली. "आज बघ कशी उजळलीय. तुझ्या दादाला बरं वाटतंय."

मी तशीच बोटीवरून उतरले.

दुकानात येऊन बसले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बाबा फक्त पितळ घ्यायचा. कुणी स्टीलची कडी आणली तर म्हणायचा, "यात प्राण टिकत नाही." म्हणजे स्टीलच्या कड्यांच्या बोटींवरची माणसं श्वासच घेत नव्हती म्हणायची! आणि आणखी एक. आजवर एकाही बाईला त्याने "तुमचा माणूस गेला" असं सांगितलेलं नव्हतं. दरवेळी पास करणारी ही कसली परीक्षा?

आमच्या गल्लीतला बोटदुरुस्तीवाला म्हातारा गेल्या वर्षी वारला. सगळं बंदर त्याला पोहोचवायला गेलं होतं. त्याच्या म्हातारीकडे मी त्याच्या होडीचा पितळी कडीकोयंडा मागितला आणि कशाला हवा तेही सांगितलं.

"ने की," ती म्हणाली. "जिवंत झाला तर घरी पाठव. भांडण अर्धं राहिलंय आमचं."

दुसऱ्या दिवशी रांगेत मी उभी राहिले. बाबाने कोयंडा घासला. तो लखलखला.

"जिवंत आहे!" बाबा गरजला. "दूर आहे, पण श्वास चालू आहे. थोडा खोकला आहे त्याला."

"खोकल्यानेच गेला तो," मी मोठ्याने म्हणाले. "हा आपल्या दुरुस्तीवाल्याचा कोयंडा आहे. इथल्या निम्म्या लोकांनी त्याला खांदा दिलाय."

गर्दीत हशा पिकला. मी बाबाच्या थाळीतली पूड पेल्यात घेतली, पाणी ओतलं, वर घरून आणलेला खायचा सोडा टाकला. पेला फसफसून उतू गेला.

"यात आंबट आहे," मी म्हणाले. "विटेची पूड आणि लिंबाचं सत. आंबटाने पितळावरचा काळा थर विरघळतो, विटेने निघतो. कुणाचंही पितळ उजळेल. आणि आंबट आणि खारं पाणी तसंच राहू दिलं की पितळ हिरवं पडतं. म्हणून हा धुऊ देत नाही. धुतलं असतं तर पुन्हा पुडी कुणी घेतली असती?"

लोकांनी चादर ओढली, थाळी लाथाडली. बाबाची पाचावर धारण बसली. मी जिंकल्यासारखी मागे वळले आणि मला रांग दिसली. हसणारे सगळे कडेला उभे होते. रांगेतल्या बायका हसत नव्हत्या. आपापली कडी, आपापलं बिजागर पदरात धरून त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यात वहिनीही होती.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. भाची आतल्या खोलीत अभ्यास करत होती. वहिनीने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. मी त्यांना मलम लावू लागले.

"म्हणजे घंटा उजळली तेव्हा तो बरा नव्हता," ती हळूच म्हणाली.

"नाही, वहिनी."

"आणि काळी पडली तेव्हा तो हाक मारत नव्हता?"

"नाही. पितळ फक्त खाऱ्या हवेचं सांगतं."

मग परवानगी मागावी तसं तिने विचारलं, "मग मी आता रडू का?"

मी तिला जवळ घेतलं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं. आतून भाची आली आणि आईच्या कुशीत शिरली. मीही रडले. बाबाशी भांडण्याच्या भरात माझेही दिवस बरे चालले होते. तो राग होता तोवर दादा गेला या गोष्टीकडे मलाही बघावं लागत नव्हतं.

असा कुणी तुमच्याकडे आला तर त्याच्या पायाशी बसण्याआधी एवढंच विचारा: तुझं म्हणणं खोटं असतं तर ते आम्हाला कशावरून कळलं असतं? उत्तर नसेल तर तो चमत्कार नव्हे. पूड तपासा, पाणी बदलून पाहा, दुसऱ्याचा कोयंडा नेऊन बघा. पण ज्या घरातून खोटी आशा काढून घ्याल, तिथे त्या संध्याकाळी जाऊन बसायलाही विसरू नका. फसवणाऱ्याची पुडी तिथे रोज पोहोचत होती. आपण एकदा तरी जायला हवं. खरं दुखतं, पण त्याच्याबरोबर माणसाला रडता येतं, पोरीची वेणी घालता येते, उद्याचा विचार करता येतो.

माझा दादा समुद्रात बुडाला. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.