बोयच्या कल्ल्यातली मीठवाली

मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे किती, तर पुरते अठरा दिवस. हसू नका मित्रांनो, आमच्यात अठरा दिवस म्हणजे पिकलं पान.

बोटाच्या पेराएवढ्या एका बोय माशाच्या कल्ल्यात माझा जन्म झाला. इजिप्तमधलं बुरुल्लुस सरोवर जिथे समुद्राला मिळतं, तिथल्या खाऱ्या पाण्यात. मासा समुद्राचं पाणी पितो, पाणी स्वतःला ठेवून घेतो आणि मीठ आमच्या गळ्यात मारतो. ते मीठ रक्तातून वेचून बाहेर फेकायचं, हे माझं काम. कौतुक कुणी केलं नाही. माशाला तर मी आहे हेही ठाऊक नव्हतं. तरी मी कामात कधी कुचराई केली नाही, हे अभिमानाने सांगते. माणसांचं बोलणं मला कसं कळलं, असं विचाराल. ऐकतो मासा, पण रक्त सगळ्यांचं एकच, त्यात बातमी लपत नाही.

रमझानच्या अकराव्या दिवशी, तळ्यात मासे पाळणाऱ्या दसूकीने आम्हाला जाळ्यात धरलं आणि टाकीत घालून आपल्या तळ्यावर आणलं. गेल्या वर्षी त्याची माशांची सगळी पिल्लं मेली होती. यंदाही तळं रिकामं राहिलं, तर बायकोला, इन्शिराहला, मागे ठेवून तो परमुलखात बोटीवर कामाला जाणार होता. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. इन्शिराह त्या पिशवीकडे बघतही नसे.

एरवी तिथला कुणीही माणूस नव्या पाण्यात आधी बोट बुडवतो आणि जिभेवर लावतो. खारं, मचूळ की गोडं, ते जीभच सांगते. पण रोजा धरलेल्या माणसाने बोट तोंडाकडे न्यायचं कसं? दसूकी म्हणाला, "माझंच तळं आहे. दरवर्षी खारटच असतं." त्याने आमच्यातली थोडी पिल्लं बादलीत काढली आणि वरून तळ्याचं पाणी भसाभसा ओतलं. त्या बादलीत माझा मासा होता.

ते पाणी गोडं होतं. रात्रीतून कालव्याचं पाणी बांधाच्या भगदाडातून तळ्यात शिरलं होतं आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मित्रांनो, गोड्या पाण्यात सगळा कारभार उलटा असतो. अंगातलं मीठ बाहेर पळतं आणि पाणी आत घुसतं. तेव्हा मीठ आत ओढायला हवं, आणि मी वेड्यासारखी होतं नव्हतं ते बाहेरच फेकत होते. जन्मभराची सवय ती. मीठ बाहेर फेकणारी दारं मिटून आत ओढणारी बसवायला मला काही तास लागतात. माझा मासा एका कुशीवर कलंडला. मी फार घाबरले.

"गाडीत हेलकावे बसलेत. तळ्यात गेले की सुधारतील," असं म्हणत दसूकीने बादली उचलली.

त्याचे मामा, मितवल्ली, लव्हाळ्याच्या सावलीत बसले होते. कलंडलेली पिल्लं पाहून ते उठले, तळ्याचं ओंजळभर पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत गटकन पिऊन टाकलं.

"गोडं आहे, गाढवा. ठेव ती बादली खाली."

"मामा, तुमचा रोजा..."

"कसला रोजा. साखर वाढली म्हणून डॉक्टरने पहिल्याच दिवशी बंद करायला लावला." मामांनी मान खाली घातली. "गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून बोललो नाही."

टाकीपाशी उभी असलेली इन्शिराह हसली. "मला ठाऊक होतं, मामा. रोज दुपारी म्हशीला बघून येतो म्हणता. म्हैस विकून दोन वर्षं झाली."

मामा गोरेमोरे झाले.

"आणि चव घेऊन थुंकलं तर रोजा मोडत नाही," ती पुढे म्हणाली. "महिनाभर आम्ही बायका रश्श्यातलं मीठ कसं बघतो, वाटलं तुला?"

"मग आधी का नाही बोललीस?" दसूकीने विचारलं.

"तू विचारलंस कधी? तळं तुझं, अक्कलही तुझीच."

मामांनी टाकीतलं खारं पाणी परत बादलीत ओतलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्यानंतर इन्शिराहने पाण्याचा मग हातात घेतला. टाकीत एक मग तळ्याचं पाणी, बादलीत एक घोट, की थांबायचं. चव घ्यायची, थुंकायचं, पुन्हा थोडं ओतायचं. तेवढ्या सवडीत मी एकेक दार मिटत गेले. माझ्याखाली दबलेल्या तरण्या पेशींनाही हाक मारली, आणि त्या वर आल्या. सूर्य बुडाला, बांग झाली, दसूकीने खजूर उचलला.

"आधी पिल्लं," इन्शिराह म्हणाली. त्याने खजूर खाली ठेवला. शेवटची चव तिने घेतली, टाकी आणि तळं सारखंच लागलं, मगच आम्हाला सोडलं.

काही पिल्लं गेली, खोटं कशाला सांगू. पण सकाळी बाकीचा थवा कडेच्या उथळ पाण्यात चरत होता. दसूकी किती तरी वेळ ते बघत उभा राहिला आणि घरी जाऊन त्याने पिशवी रिकामी केली. दुपारी इन्शिराहने मामांना भाकरी आणि चीज काठावर आणून वाढलं, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

मी आता थकले. एकदोन दिवसांत गळून पडेन. माझ्या जागी येणारी पेशी गोड्या पाण्यातच वाढली आहे, समुद्र तिला ठाऊक नाही. पण तीही बदलू शकते, माझ्यासारखीच. म्हणून मित्रांनो, कधी तिला खाऱ्या पाण्यात न्यायची वेळ आली, तर आधी चव बघा, आणि एकेक मग ओता.