अक्षतांची दोन मिनिटं

श्रीगोंद्याच्या बाजारपेठेत चालू स्थितीतला व्हीसीआर आता एकट्या नूरुद्दीनकडे उरला होता. त्यामुळे तालुक्यातल्या यच्चयावत लग्नांच्या कॅसेटी माळ्यावरून उतरून, डीव्हीडी व्हायला त्याच्याच दुकानात यायच्या. लोक कॅसेट टाकून जायचे आणि चार दिवसांनी डीव्हीडी न्यायचे. बायडाबाई मात्र स्टूल ओढून टीव्हीसमोर बसली ती हलायचं नाव घेईना.

“मावशी, तीन तासांची कॅसेट हाय. पळवता येत न्हाई, पुरी चालू द्यावी लागती. तुमी घरी जा, हर्षलला पाठवा,” नूरुद्दीन म्हणाला.

“हर्षलच्या आधी मला बघायचीय,” ती म्हणाली. हर्षल तिचा मुलगा. कॅसेट तिच्या लेकीच्या, अश्विनीच्या लग्नाची.

नूरुद्दीनला घाम फुटला, कारण शूटिंग त्याचंच होतं. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आपल्याकडे लग्न तासभर उशिरा लागणार हे धरूनच जो तो निघतो, तसा तोही नवरी मांडवाकडे निघेपर्यंतचं शूटिंग उरकून चहाला गेला आणि निवांत परत निघाला. आणि उभ्या जन्मात एकच लग्न ठरल्या वेळेवर लागलं, ते नेमकं हे. तो मांडवात पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मग या पठ्ठ्याने आठ दिवसांपूर्वीच्या, काष्टी गावच्या लग्नातली अक्षतांची दोन मिनिटं उचलली आणि इथे चिकटवून दिली. अंतरपाट, मुंडावळ्या, माणसांच्या पाठी. ओळखतंय कोण? खरंच कुणी ओळखलं नाही. पुढे दोन वर्षांत अश्विनी काविळीने गेली आणि कॅसेट परत कुणी लावलीच नाही.

आता ती समोर चालू होती. हळद लागली, नवरीला आंघोळ घातली, वरात पारापाशी आली. अश्विनी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. एरवी दिवसातून चारदा जाणारी लाईट आज काही केल्या जाईना. चहा मागवला, पान मागवलं, बाईने दोन्हीला नको म्हटलं. स्वतःच्याच दुकानात नूरुद्दीन पुरता कोंडला गेला होता.

नवरी मांडवाकडे निघाली तशी बायडाबाई हळूच म्हणाली, “भाई, लेकीच्या आईनं अक्षता बघायच्या नसत्यात. तुळशीला पानी घालत बसायचं. मला न्हाई ऱ्हावलं. खांबाआडून बघितलं. अन् पोर गेली. आजपातुर कुणाला बोलले न्हाई. हर्षल समद्या भावकीला दावणार हाय. मी दिसत आसंन, तर तेवढं काढून टाका.”

नूरुद्दीनची सुटका आयती चालून आली होती. ती दोन मिनिटं उडवली की त्याची लबाडीही उडाली. त्याला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात अक्षता सुरू झाल्या. कोपऱ्यात, खांबाआड, हिरवं लुगडं नेसलेली एक बाई पदर तोंडावर धरून टक लावून बघत होती. चेहरा अर्धा, तोही पुसट.

“ती मीच,” बायडाबाई म्हणाली. “बघा कशी बघतीय. मीच खाल्ली माझ्या लेकीला.” तिने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

एक बटण दाबायचं, बस्स. नूरुद्दीनने हात पुढे केला आणि चित्र थांबवलं. गेली पंचवीस-तीस वर्षं कमावलेलं नाव एकदा डोळ्यांपुढून गेलं. मग तो बोलला.

“ती तुमी न्हाई, मावशी. हे तुमच्या अश्विनीचं लगीनच न्हाई.” त्याने उशीर सांगितला, काष्टी सांगितली, सगळं सांगितलं. “ही त्या पोरीची आई. तिनं बी बघितलं. ती पोर धडधाकट हाय. परवाच पोराचे फोटो काढून गेली हितून.”

बायडाबाई बराच वेळ त्या हिरव्या लुगड्याकडे बघत राहिली. नूरुद्दीन शिव्यांची वाट बघत उभा होता. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हंजे माझ्या आश्वीच्या अक्षता ह्यात न्हाईतच?”

“न्हाईत.”

“दुसऱ्या कुणाकडं?”

“कुणाकडंच न्हाईत, मावशी. माफ करा.”

तिने पदराने डोळे पुसले.

“अंतरपाट खाली आला,” ती म्हणाली, “तवा नवऱ्याकडं बघायच्या आधी तिनं खांबाकडं बघितलं. माज्याकडं. हार हातातच ऱ्हायला.” मग ती स्टुलावरून उठली. “बरं झालं, बघितलं मी.”