रजेची पेटी

रेकॉर्डरूममधल्या नानांना चार दिवसांची रजा हवी होती. बायकोला घेऊन मेहुणीकडे जाऊन यायचं, एवढंच. पण त्यांच्या पाणीखात्यात रजा साहेब देत नसत, पेटी देत असे.

साहेब वशिल्यानं रजा देतात अशी ओरड झाली, तेव्हा साहेबांनीच वैतागून ती प्रयोगशाळेतून मागवली होती. बटण दाबलं की आत प्रकाशाचा एकच कण सुटायचा आणि अर्धपारदर्शक आरशावर आदळायचा. आरपार गेला तर हिरवा दिवा, रजा मंजूर. मागे फिरला तर लाल. दिवसातून एकदाच दाबायचं आणि निकाल मुकाट्यानं मानायचा.

नानांना सलग एकोणीस दिवस लाल लागला. शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला मात्र गंमत म्हणून दाबायचा आणि हिरवा लागला की त्याला सक्तीनं घरी धाडत. आठवड्याभरात त्याच्या आईनं हात जोडले, "बाबा रे, कामावर जा!"

शेवटी पेटी तपासायला प्रयोगशाळेतल्या बाई आल्या.

"ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

"मग माझ्यावरच डूख का धरलाय हिनं?"

"डूख कसला, नाना? तिला कालचं काही आठवत नाही. तिच्या लेखी तुम्ही रोज नवे."

"सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी!" नाना दुखावले. "आणि रोज नवा?"

"अहो, आरशावर आदळेपर्यंत कुठे जायचं हे त्या कणाचंसुद्धा ठरलेलं नसतं."

"म्हणजे आमच्या साहेबांसारखंच," नाना पुटपुटले.

विसाव्या दिवशी बायकोच कचेरीत आली. नानांना वाटलं, डबा विसरलो वाटतं. ती तडक पेटीपाशी गेली.

"बघू तरी, एवढा कसला तोरा हिचा!" म्हणत तिनं बटण दाबलं.

हिरवा.

साहेबांनी नियमांची वही दोनदा उलटीपालटी केली. बटण दाबणारा खात्यातलाच हवा, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि अर्ज पुढे ओढला.

"कामाचं ठिकाण?"

"स्वयंपाकघर."

"सेवा किती झाली?"

"एकतीस वर्षं. आजवर एक रजा नाही."

साहेबांनी उभं राहून शिक्का मारला.

त्याच दुपारी ती एकटीच बहिणीकडे निघून गेली. नाना हातात डब्याची रिकामी पिशवी घेऊन नुसते बघत राहिले. रात्री त्यांनी करपलेला भात खाल्ला. सकाळी बटण दाबलं, तर हिरवा! नाना धावतपळत मेहुणीच्या दारात हजर.

बायको गॅलरीत खुर्चीवर पाय पसरून बसली होती.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "चहा टाका, दोघींना. मी रजेवर आहे."

नाना निमूट आत गेले. डबे उघडले, झाकले, पुन्हा उघडले.

"साखर कुठे असते गं?" त्यांनी ओरडून विचारलं.

बाहेरून दोघी बहिणींचं हसणं तेवढं ऐकू आलं.